हात मागे घेताना
(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञान दिनी केलेले भाषण)



परवाच्या विज्ञान प्रदर्शनात तुम्ही पुठ्ठ्याचा यंत्रमानव उभा केला होता. त्याचा हात हाती घेण्यासाठी पहिलीतल्या मुलांनी रांग लावली. शेजारच्या पडद्यावर मात्र माणसासारखी त्वचा आणि पापण्या असलेला यंत्रमानव दिसताच तीच मुले बाईंच्या पदराआड लपली. असे का व्हावे?

जपानी प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एका छोट्या लेखात या प्रश्नाचा विचार मांडला. यंत्र माणसासारखे दिसू लागते तसतशी आपली आपुलकी वाढते. परंतु साम्य जवळजवळ पूर्ण होऊनही किंचित उणे राहिले, की ती एकाएकी ढासळते. या घसरणीला त्यांनी दरी म्हटले. त्यांचे एक उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. खरा समजून तो हाती घ्यावा, तर त्यात ना ऊब, ना हाडांचा स्पर्श, मन दचकते. ओसाका येथील जागतिक प्रदर्शनातल्या एका यंत्रमानवाच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या होत्या. पण हसू निम्म्या गतीने उमटले, तर ते भेसूर वाटते, असेही त्यांनी लिहिले. पुठ्ठ्याकडून आपली काहीच अपेक्षा नसते. जिथे माणूस अपेक्षितो आणि तो सापडत नाही, तिथेच भीती उपजते.

हे वाचताना एक आठवण मला बोचते. पूर्वी एका बक्षीस समारंभात कृत्रिम हात असलेल्या विद्यार्थ्याचे अभिनंदन करताना माझा हात नकळत मागे आला. क्षणभरच, पण त्याने ते पाहिले. त्यानंतर तो सर्वांपुढे डावाच हात करू लागला.

हुबेहूब नकलेचा हट्ट धरू नका, असे मोरींनी यंत्रे घडवणाऱ्यांना सांगितले. माणसे घडवणाऱ्यांचा धडा निराळा आहे. दचकणे आपल्या स्वाधीन नसते; हात पुढेच ठेवणे असते. त्या हातामागे माणूस होता, आणि मी केवळ हात पाहिला.

महाराष्ट्रापासून दूर या शहरात साठ वर्षांपूर्वी आपली शाळा रुजली, तीही इथल्या लोकांनी अनोळखी माणसांपुढे हात केला म्हणूनच. ते ऋण आपण असेच फेडू या.