माझा फोटो काढण्याचा छंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने आपल्या छंदाविषयी बोलावे, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. आजवर ह्या जागेवरून विणकाम झाले, परसबाग झाली, उकडीच्या मोदकांच्या कळ्याही झाल्या. यंदा पाळी माझी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय मुळीच नाही. पण आपल्याच माणसांत बोलायला संकोच कशाला, असे मनाशी म्हटले आणि उभी राहिले.

आधीच सांगते, मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. लग्नमुंजीचे फोटो मी काढत नाही, कोणाकडून पैसे घेत नाही. घरचे सगळे आवरून जो वेळ उरतो, त्यातला हा उद्योग. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला माझ्या भावाने ओवाळणीत रोलचा एक साधा कॅमेरा घातला. नणंदा म्हणाल्या, "अग, साडी तरी मागायची!" मला मात्र तो कॅमेरा साडीहून प्यारा वाटला. एका रोलात ३६ फोटो. ते मी साखर मोजून वापरावी तसे वापरीत असे. गणपतीत घातलेला रोल शिमग्याला संपायचा. मग बाजारातल्या दुकानात तो धुवायला टाकायचा आणि पाकीट हातात येईपर्यंत दिवस मोजायचे. छत्तीसांतले वीस बरे निघाले तरी मला सण झाल्यासारखा वाटे. आता तो कॅमेरा कपाटात आहे. मुलीने घेऊन दिलेल्या मोबाईलवर मी फोटो काढते. रोलाचा खर्च नाही, पण जपून काढायची सवय राहिली ती राहिलीच.

ह्या छंदाने मला काय दिले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, उजेड ओळखायला शिकवले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेसाताच्या सुमारास उन्हाची एक तिरीप ओट्यावर येते आणि जेमतेम वीस मिनिटांत निघून जाते. एके दिवशी भाताचे झाकण काढले आणि त्या तिरिपेत वाफ वर चढताना दिसली. पंचवीस वर्षे मी भात शिजवते आहे, पण वाफ अशी वळणे घेत जाते हे कधी पाहिलेच नव्हते! पुढे कळले की उजेड बाजूने किंवा मागून आला आणि पाठीमागे काळोखी भिंत असली, की वाफ उठून दिसते. समोरून उजेड आला तर ती दिसतच नाही. हे मला कोणी शिकवले नाही, भातानेच शिकवले.

आपल्या पेणचे पोह्याचे पापड तर सर्वांना ठाऊक आहेत. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर पापड वाळत घातले की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पापडाशेजारी त्याची लहानशी सावली पडते, जणू एकाचे दोन झाले! दुपारी बाराला जाऊन पाहावे तर सगळे सपाट पांढरे. माणसाच्या चेहऱ्याचेही तसेच. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि तरुण मुलगीसुद्धा दमलेली दिसते. म्हणून फोटो सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर काढावा. आणि पावसाळ्यात ढगाळ दिवशी दारात बसवून काढलेला चेहरा सर्वांत मऊ येतो. "पावसात कसला फोटो?" असे म्हणणाऱ्या भगिनींनी एकदा करून पाहावे. आणखी एक गोष्ट. फोटोपूर्वी मोबाईलची काच स्वच्छ मऊ फडक्याने हलकेच पुसावी. आपल्या बायकांचे हात तेला-हळदीचे. त्या बोटांनी काच धुरकट होते आणि आपण उगाच मोबाईलला दोष देतो.

सुरुवातीला घरी हसत असत. "लोक ताजमहालाचे फोटो काढतात, ही आमटीचे काढते," असे आमच्याकडे म्हणायचे. मी वाद घातला नाही. दूध उतू जाऊ दिले नाही, कोणाचा डबा चुकवला नाही, आणि छंदही सोडला नाही. परवाच्या हिवाळ्यात हे खिडकीशी पेपर वाचत बसले होते. मी ओट्याशी मोबाईल घेऊन उभी. यांनी काही न बोलता खुर्ची सरकवली आणि विचारले, "उजेड अडतोय का?" माझ्या लेखी ते बक्षीसच!

एक विचार बरेच दिवस मनात आहे, तो आज आपल्यापुढे ठेवते. आपल्या घरातले जुने अल्बम काढून पाहा. लग्न, मुंज, बारसे, सहल, सगळे असते. त्यात घरची बाई कुठे असते? ग्रुपफोटोच्या कडेला, नाहीतर वाढायला आत गेलेली. विधवा बाया तर शुभकार्यात आपणहून बाजूला होतात. कोणी त्यांना पुढे बोलावीतही नाही. माझी आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. काकाच्या लग्नाच्या ग्रुपमधून अंगठ्याएवढा चेहरा काढून तो मोठा करून घ्यावा लागला. चेहरा पुसट, त्यावर कुंकू रंगाने काढलेले. लोक हार घालतात, नमस्कार करतात. मला मात्र तिथे आई दिसत नाही. पहाटे जात्याशी बसून, पदर खोचून दळणारी आई मला पाहायची असते, आणि ती कुठेच नाही.

म्हणून मी ठरवले की बायकांचे फोटो काढायचे आणि ते कामात असताना काढायचे. आपल्याकडे गणपतीचे कारखाने कितीतरी आहेत. वर्तमानपत्रांत मूर्तींचे फोटो येतात. पण मूर्ती घासणाऱ्या आणि रंगवणाऱ्या बाया दुपारी कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हातांनी मांडणीखाली डबा सोडून बसतात, वर रंगाची वाट पाहणाऱ्या गणपतींची रांग असते. त्या जेवणाचा फोटो मी काढला आणि प्रत्येकीला एकेक प्रत नेऊन दिली. एक जण म्हणाली, "आमचा फोटो कोणी गणपतीशिवाय काढलाच नव्हता!"

आमच्या आळीत पापड लाटणाऱ्या एक आजी होत्या. मी फोटोचे विचारले तर म्हणाल्या, "मेल्यावर लावायला काढतेस का ग?" मी म्हटले, "नाही आजी, तुम्ही स्वतः बघायला." चेहऱ्याला त्या तयार होईनात, म्हणून लाटण्यावरचे त्यांचे हातच काढले. छापलेला फोटो नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो कितीतरी वेळ जवळ-लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगबाई, हे तर माझ्या आईचे हात!" पुढे आजी गेल्या. मुलांनी भिंतीवर आधारकार्डावरचा चेहरा मोठा करून लावला. लेक सासरहून आली ती मात्र माझ्याकडे आली आणि तिने तेवढा हातांचाच फोटो मागून घेतला.

मैत्रिणींनो, कॅमेरा हा पुरुषांचा प्रांत, असे कोणी म्हटले तर दोन नावे लक्षात ठेवा. मी ती वाचनालयातल्या पुस्तकांत वाचली. जूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही इंग्रज बाई कलकत्त्यात १८१५ साली जन्मली. मुलेबाळे मोठी झाली, आणि १८६३ साली लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा तिचे वय ४८ वर्षांचे! कोळसे ठेवायच्या खोलीत ती फोटो धुवायची आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा तिने फोटो काढायला स्टुडिओ केला. घरातल्या मोलकरणींना समोर बसवून तिने जे फोटो काढले, ते आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत.

दुसऱ्या आपल्याच देशातल्या होमाई व्यारावाला. जन्म नवसारीचा, १९१३ सालचा, शिक्षण मुंबईत. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या स्त्री छायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. त्या साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळीत पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहत. १९४७ च्या स्वातंत्र्याचे क्षण त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या गेल्या. आणि आपल्याला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्यांचे पहिले छापून आलेले फोटो मुंबईतल्या एका महिला क्लबच्या सहलीचे होते! तेव्हा आपल्या मंडळाच्या सहलीलाही कमी लेखू नका.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, आणि काढला तरी विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर पाठवू नये. लेकीसुनांच्या बाबतीत तर मुळीच नाही. दुसरी, मोबाईलमधले हजार फोटो म्हणजे न निवडलेले तांदूळ. दर महिन्याला निवडून दहा ठेवावेत आणि त्यांतले दोन तरी कागदावर छापून घ्यावेत. मोबाईल बिघडतो, हरवतो. तिसरी, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता, नाव, गाव आणि साल लिहावे. नातवंडांना नाहीतर "ही कोण?" एवढाच प्रश्न उरतो. चौथी, आपल्या कोकणातल्या दमट हवेत फोटोंना बुरशी धरते. पावसाळा संपला की अल्बम काढून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात मात्र ठेवू नयेत, रंग उडतात.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. पुढील वर्षभरात आपल्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईचा, ती जे काम नेहमी करते ते करताना, तिला विचारून एक फोटो काढावा. सासू असो, आई असो, भाजीवाली मावशी असो. मागे नाव आणि साल लिहून तो मंडळात आणून द्यावा. त्यांचा एक अल्बम आपण करू आणि तो मंडळाच्या कपाटात ठेवू. कोणाला मोबाईल धरायला जमत नसेल तर दुपारी तीननंतर मी मोकळी असते. हाक मारा, मी येईन.