बोगद्यानंतरचं वळण



गेल्या वर्षी आईला घेऊन साताऱ्याहून पुण्याला येत होतो. सुरूर मागे पडलं आणि भावाचा फोन आला. विषय शेताच्या वाटणीचा. फोन गाडीच्या स्पीकरवर आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणजे सगळं नियमात. खंबाटकीच्या बोगद्यात रेंज गेली, बोलणं तुटलं. शिरवळला चहा पिताना आई म्हणाली, "वळणावर तो ट्रक केवढा खेटून गेला रे!" मला ट्रक आठवेना. बोगद्यानंतरचं ते वळण किती अपघातांचं, हे या रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मला ते वळणसुद्धा आठवेना.

डोळे उघडे होते. मी मनातल्या मनात भावाला उत्तर देत होतो.

अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हेच मोजलं. गाडीला किंवा फोनला तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ६०० मीटर पुढे गेलेली असते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टोरांटोत अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या होत्या; त्यात फोनवर बोलताना धोका चौपट दिसला. फोन हातात न धरणाऱ्यांनाही त्यातून सूट मिळाली नव्हती.

आपल्याकडे २०२१ च्या सरकारी आकडेवारीत मोबाइलमुळे झालेले १,९९७ अपघात आहेत, त्यांत १,०४० माणसं गेली. मला हा आकडा फार अपुरा वाटतो. पंचनाम्यात 'चालकाचं मन वाटणीत होतं' असं कोण लिहिणार? अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १०० गाड्यांत कॅमेरे बसवून वर्षभर पाहिलं, तर जवळजवळ ८० टक्के अपघातांच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं कुठे ना कुठे दुर्लक्ष झालेलं होतं. फोन हे त्यातलं एकच कारण. खाणं, डुलकी, मागच्या सीटवरचं रडणारं मूल, हेही त्यात आलं.

मग शेजारच्याशी बोलणंही तितकंच वाईट का? नेहमीच नाही. घाट लागला की आई आपोआप गप्प होते, दांडी घट्ट धरते, "हळू" म्हणते. तिला रस्ता दिसतो. पुण्यात बसलेल्या भावाला तो दिसत नाही आणि त्याचं बोलणं वळणासाठी थांबत नाही.

आता प्रवासात माझा फोन आईच्या पर्समध्ये असतो. परवा सुरूरच्या पुढे तो वाजला. आईने उचलला आणि म्हणाली, "तो गाडी चालवतोय. शिरवळला पोचलो की करेल."