शब्दक्रीडेची कैफियत



वादविषयांपासून चार हात दूर राहून सर्व पक्षांस सारखेच आशीर्वाद वाटावेत, हा अध्यक्षांचा जुना शिरस्ता मला ठाऊक आहे. तो मोडण्याची अनुज्ञा मी मागत नाही, सरळ घेतो. कोशातून अडगळीतला एखादा शब्द काढावा, तो स्पर्धकांपुढे ठेवावा आणि घटकाभरात त्यावर दहा ओळी लिहवून घ्याव्यात, अशी जी स्पर्धा येथे काल झाली, ती निव्वळ पोरखेळ असून सरस्वतीच्या मंदिरास अशोभनीय आहे, असा तक्रारअर्ज काही विद्वानांनी माझ्याकडे गुदरला आहे.

अर्जदारांचे म्हणणे असे की, वाङ्मय अनुभूतीतून जन्मते, शब्दांतून नव्हे. वाक्य भारदस्त खरे. परंतु मोरोपंतांस ते कोणी ऐकविले नसावे. पंतांच्या नावावर जी अष्टोत्तरशत रामायणे सांगतात, त्यांतल्या निरोष्ठ रामायणात एकही ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारावयाचा, वर्ण येऊ द्यावयाचा नाही, असे बंधन त्यांनी आपण होऊन पत्करले. या बंधनाची जात नीट ध्यानी घ्या. मकार ओष्ठ्य, म्हणून ‘राम’ गेला. मागोमाग लक्ष्मण गेला. भकारामुळे भरत गेला आणि उकारामुळे शत्रुघ्नही गेला. राजाचे चारही पुत्र नावानिशी दाराबाहेर, आत दशरथ, कैकेयी, सीता अशी मोजकी मंडळी, आणि तरीही कथा सांगावयाची ती रामाचीच! आर्याभारत रचणाऱ्या या कवीस गांभीर्याची वाण होती, असे म्हणण्याची अर्जदारांपैकी कोणाची छाती आहे काय?

आता कालची हकिकत. ‘तसलमात’ हा शब्द निघाला. हिशेब मागाहून देण्याच्या बोलीवर कचेरीतून उचललेली रक्कम, एवढेच बिचाऱ्याचे भाग्य. एका विद्यार्थिनीने लिहिले की, चंद्राने सूर्याच्या खजिन्यातून प्रकाशाची तसलमात उचलली, पौर्णिमेस ती चारचौघांत मिरवली, आणि अमावास्येस तपासनीस येऊन पाहतो तो तिजोरीत खडखडाट. तेव्हा चंद्राने जबाब दिला, ‘पावत्या समुद्राकडे आहेत, भरतीला या.’ इतकी कल्पकता मला अलीकडच्या कित्येक गंभीर कादंबऱ्यांत आढळली नाही. त्यांत अनुभूती मुबलक असते, वाचवत मात्र नाही.

बाकीचे बरेचसे लेखन सुमार होते, हे मी नाकारीत नाही. पण सुमारपणा हाच बंदीस पुरेसा आधार मानला, तर प्रथम आपले कविसंमेलन बंद करावे लागेल.

असे शब्द ज्या कोशांत पडून आहेत, त्यांतला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापला गेला. या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. त्यांतले किती आमच्या प्रतिष्ठित लेखणीखालून जातात? मराठी शब्द मेले म्हणून व्यासपीठावर गळा काढणारे हेच अर्जदार, आणि पोरे त्या शब्दांस हात लावू लागली की छडी उगारणारेही हेच!

सबब हा अर्ज मी दप्तरी दाखल करीत आहे; स्पर्धा पुढील वर्षीही होईल. ज्यांना फेरविचार हवा असेल, त्यांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून स्वतः दहा ओळी लिहाव्यात आणि त्या अर्जास जोडाव्यात. त्यावाचून अर्ज स्वीकारला जाणार नाही.