मुंबईची गोदी आणि जालन्याचा वाडा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला बजावलंय, "काका, दहा मिनिटं बोला, पण पार्किंगवर बोलू नका." म्हणून मी आज मुंबईच्या बंदरावर बोलणार आहे. जालन्यात समुद्र नाही, मग बंदराचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. जरा धीर धरा, फिरून जालन्यातच येणार आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, माझी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. १९८० साली लागलो. शेडमध्ये उभं राहून बोटीतून उतरलेला माल मोजायचा आणि कागदावर लिहायचा, हे माझं काम. त्या वेळी गोदीत पाय ठेवायला जागा नसायची. पोती, पेट्या, पिंपं, हातात हूक घेतलेले कामगार आणि बाहेर रस्त्यावर लॉरींची रांग. बोटींना आत यायला दिवसचे दिवस थांबावं लागायचं.

मुंबई उभी राहिली ती या बंदरावर. १८७५ मध्ये ससून डॉक झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाला. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक झाला, त्यालाच आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. ती गोदी खणताना निघालेल्या मातीनं समुद्रात भराव घातला आणि त्यावर बॅलार्ड इस्टेट वसली. म्हणजे गोदीच्या खड्ड्यातून एक अख्खी वस्ती निघाली! आणि या बंदरातून जाणारा माल कुठला? त्यात मोठा वाटा कापसाचा, आणि तो आपल्यासारख्याच काळ्या मातीच्या मुलखातून यायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड–हैदराबाद रेल्वे आपल्या गावावरून गेली आणि जालन्याची बाजारपेठ थेट मुंबईला जोडली गेली.

मग १९८९ मध्ये समुद्रापलीकडे न्हावा-शेवाचं नवं बंदर सुरू झालं. माल कंटेनरमधून जायला लागला. आमच्या शेडमधली पोती कमी झाली, मग माणसं कमी झाली. एक दिवस दुपारी मी शेडमध्ये उभा होतो आणि कबुतरांशिवाय कसलाच आवाज नव्हता. पुढे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन जुन्या गोद्या भराव टाकून बुजवल्या. ज्या पाण्यावर बोटी उभ्या राहायच्या तिथे आता सपाट जमीन आहे. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

पण मुंबईची गोष्ट तिथे संपली नाही. बंदराच्या पडीक जागेवर काय करायचं, याची चर्चा गेली कित्येक वर्षं चालू आहे. काही बदल झालेही. भाऊच्या धक्क्यावरून २०२० मध्ये मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट सुरू झाली. शिवडीहून न्हावा-शेवाकडे जाणारा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. २०१७ मध्ये ससून डॉकच्या जुन्या गोदामांत कलाकारांनी चित्रं रंगवून प्रदर्शन भरवलं. मुंबईकर मासळीच्या वासातून वाट काढत ते बघायला गेले. आणि बाजूला कोळणी पहाटे मासळीचा लिलाव करत होत्या, त्या आजही करतात. जुनं आहे, पण बंद पडलेलं नाही, हे मला फार आवडतं. सीएसटीचं तसंच. २००४ मध्ये ते जागतिक वारसा झालं, पण सकाळी ८ ची लोकल काही थांबली नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. हा वारसा वाचला कसा? १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली आली. देशातली ती अशी पहिलीच. तिच्यासोबत सुमारे सहाशे इमारतींची आणि ठिकाणांची यादी होती. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जे यादीत नव्हतं, त्यातलं पुष्कळ गेलं. दुसरी गोष्ट ओव्हल मैदानाची. त्या मैदानाची पार दुर्दशा झाली होती. आजूबाजूच्या इमारतींत राहणारी माणसं एकत्र आली, कोर्टात गेली, आणि १९९० च्या दशकात त्यांनी ते मैदान पुन्हा उभं केलं. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, आणि समोर १९३० च्या सुमाराच्या आर्ट डेको पद्धतीच्या राहत्या इमारती. या सगळ्या मिळून ९४ इमारतींना ३० जून २०१८ ला युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या कामात रहिवाशांच्या संघटना पहिल्यापासून होत्या. ज्यांच्या जिन्यात आपल्यासारखीच नावांची पाटी लागलेली असते आणि ज्यांच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून आपल्यासारखीच भांडणं होतात, अशी ती माणसं. राजवाड्यात राहणारी नव्हेत.

आता जालना. आपल्याकडे जुनी म्हण आहे, जालना सोने का पालना. हे गाव व्यापारावरच वाढलं. आपल्या जिल्ह्यातलं भोकरदन तर सातवाहनांच्या काळातलं व्यापारी गाव. तिथल्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा भाग सापडला, आणि त्याच धर्तीची मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेली आहे. म्हणजे समुद्र नसला तरी समुद्रापलीकडच्या बाजाराशी आपलं नातं दोन हजार वर्षांचं आहे.

आणि आज पुन्हा तेच चालू झालंय. बियाणं, सळई, मोसंबी यांनी जालन्याचं नाव देशभर गेलं. समृद्धी महामार्ग आला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुटली. २०२३ मध्येच नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आणि २५ डिसेंबर २०१५ ला ड्राय पोर्टची पायाभरणी झाली. ड्राय पोर्ट म्हणजे काय, तर कोरडं बंदर. माल इथेच तपासायचा, कंटेनरला इथेच सील लावायचं, आणि रेल्वेनं थेट न्हावा-शेव्याला पाठवायचं. ज्या बंदरानं माझी शेड रिकामी केली, तेच माझ्या गावाच्या वेशीवर येऊन उभं राहिलं! मला याचा राग नाही, आनंदच आहे. नातवंडांना नोकरीसाठी मुंबई गाठावी लागू नये, असं कुणाला वाटत नाही?

पण गाव वाढायला लागलं की जमिनीचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की जुनं पडायला लागतं. हे मी मुंबईत बघितलं, आणि इथे स्वतःच्या हातानं केलंय.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलं नव्हतं. जुन्या जालन्यात आमचा वाडा होता. सागवानी खांब, मधे चौक, चौकात आड. पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा ठरला, तेव्हा आम्ही भावाभावांनी वाडा विकला. पहिली सही माझी. खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेले. चार दिवसांत जागा मोकळी झाली. या समारंभातल्या प्रदर्शनासाठी मुलांनी मला वाड्याचा फोटो मागितला. माझ्याकडे एकही नाही. गोदीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची नोंद केली आणि स्वतःच्या घराची नोंद राहून गेली.

वाडा विकायला नको होता असं मी म्हणत नाही. त्याच पैशावर आज तुमच्यात बसलोय. पण फोटो काढता आला असता. मोजमाप घेता आलं असतं. चार खांब तरी ठेवता आले असते.

जे उरलंय त्याचं बघू. मस्तगड आहे, १७२५ चा. काळी मशीद आहे, आणि तिच्याशी जोडलेली सराई आणि हमाम. मोती तलावातून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळवलेलं होतं. आज आपण टँकरचे नंबर लावतो, तिथे जुन्या लोकांनी ही सोय केली होती! मूर्ती दरवाजा आहे. निजामाच्या काळातलं घाणेवाडी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याला पाण्याची किंमत कळली, आणि गावातल्या लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीतला गाळ उपसला. म्हणजे जालन्याला हे जमतं.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतूद आहे. पण यादी आपोआप होत नाही, कुणीतरी मागावी लागते. माझ्या दोनच विनंत्या आहेत. पहिली, सोसायटीनं एक वही करावी. ज्यांचं जुनं घर अजून उभं आहे त्यांनी फोटो, माप आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तिच्यात लिहाव्यात. दुसरी, रौप्यमहोत्सवी वर्षाचा ठराव म्हणून आपण महानगरपालिकेला अर्ज द्यावा, की शहराच्या वारशाची यादी करा आणि ही आमची पहिली पानं घ्या. तीन आजूबाजूच्या सोसायट्या सोबत आल्या तर अर्जाला वजन येईल.

वहीचं पहिलं पान मी लिहिलंय. फोटो नाही, म्हणून आठवेल तसा वाड्याचा नकाशा काढलाय. आड चौकाच्या डावीकडे की उजवीकडे, यावर धाकट्या भावाशी फोनवर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता मी गेटपाशी उभा असेन. मुलांना पाठवा, मस्तगडापासून सुरुवात करू. येताना पाण्याची बाटली आणि मोबाइल चार्ज करून आणा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.