चार हातांचे काम

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी डॉक्टर, इंजिनियर आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी मार्गदर्शन होते. ते व्हावयासच हवे. मीही दंतवैद्य असल्यामुळे बी.डी.एस.च्या प्रवेशाविषयी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. पण ज्यांना तो प्रवेश मिळण्याजोगे गुण आहेत त्यांना माहितीची वाण नाही. या सभागृहात त्यांच्याहून कितीतरी अधिक मुलेमुली अशी आहेत की जी दहावी-बारावी बऱ्यापैकी उत्तीर्ण होतील आणि मग 'पुढे काय?' या प्रश्नाशी घरी बसतील. मुली तर विशेषच. त्यांच्यासाठी मी आज दातांच्या दवाखान्यातील सहाय्यकाच्या कामाचा विषय निवडला आहे. इंग्रजीत त्याला डेंटल असिस्टंट म्हणतात. आपल्याकडे त्याला धड नावही नाही. कोणी 'कंपाउंडर' म्हणते, कोणी 'ती सामान देणारी मुलगी' म्हणते.

ती सामान देते हे खरेच आहे. पण कोणते, केव्हा आणि कोणत्या बाजूने, यातच सारे आले. दंतवैद्य काम करतो ती जागा म्हणजे एक ओले, अंधारे, हलणारे तोंड. त्यात जीभ मध्ये येते, लाळ सुटते, ड्रिलमधून पाण्याचा फवारा उडतो आणि रोग्याचा जीव मुठीत असतो. एकट्या माणसाने आरसा धरायचा, ड्रिल धरायचे, पाणी ओढायचे आणि मान वळवून ट्रेमधले पुढचे अवजारही शोधायचे म्हटले तर वेळ दुप्पट लागतो, डॉक्टरची मान-पाठ कायमची धरते आणि रोग्याला नको इतका वेळ तोंड उघडून बसावे लागते. म्हणून या शास्त्रात 'चार हातांनी काम' अशी पद्धत रूढ झाली. रोग्याच्या तोंडाभोवती घड्याळाची तबकडी कल्पावी आणि डोक्याकडची बाजू बारा वाजण्याची मानावी. उजव्या हाताने काम करणारा डॉक्टर साधारण सात ते बाराच्या मध्ये बसतो, तर सहाय्यक दोन ते चारच्या मध्ये बसतो, तोही डॉक्टरपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच, म्हणजे तोंडातले त्याला वरून दिसते. अवजारांची देवघेव रोग्याच्या छातीच्या वर, हनुवटीजवळ होते. डोळ्यांवरून कधीही नाही. सुई किंवा टोकदार अवजार डोळ्यांवरून नेताना निसटले तर काय होईल हे सांगावयास नको. डॉक्टरने नजर न उचलता हात पुढे करावा आणि योग्य अवजार योग्य दिशेने त्याच्या बोटांत यावे, हे साधण्यास सराव लागतो. बघून बघून ते येते, पण अर्धवट येते.

ज्या गोष्टी बघून येतच नाहीत त्यांकडे आता वळते.

पहिली गोष्ट निर्जंतुकीकरणाची. अजूनही काही ठिकाणी अवजारे पाण्यात उकळली की झाले, असा समज आढळतो. पाणी शंभर अंशांना उकळते. त्या उष्णतेत बरेच जंतू मरतात, पण काही जंतूंची कठीण कवचाची बीजाणू-अवस्था तग धरून राहते. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागते. दाबाखालील वाफ १२१ अंशांवर निदान पंधरा मिनिटे, किंवा १३४ अंशांवर तीन-चार मिनिटे, अवजारांच्या प्रत्येक पृष्ठभागाला भिडली पाहिजे. अवजारावर रक्त वाळलेले असेल तर वाफ तिथे पोहोचतच नाही. म्हणून आधी घासून धुणे, वाळवणे, पाकिटात बंद करणे, मग यंत्रात ठेवणे, आणि तेही खच्चून न भरता. भांडे गच्च भरले की मधली अवजारे कोरडीच राहतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. हे काम डॉक्टर करीत नाही, सहाय्यक करतो. तुमच्या-आमच्या तोंडात जाणारे अवजार खरोखर शुद्ध आहे की नाही हे एका मुलीच्या ज्ञानावर आणि तिच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. त्या क्षणी ते पाहणारे दुसरे कोणी तिथे नसते. आपल्या भाषेत बोलायचे तर ती अमानत आहे.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि हातमोजे तांबड्यात, सुया व पाती पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुईवर टोपण दोन हातांनी बसवू नये हा नियम तर पहिल्या दिवशी शिकवला पाहिजे. बसवावेच लागले तर टोपण ट्रेवर आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. सुई टोचण्याचे बरेच अपघात टोपण बसवताना आणि कचरा आवरताना होतात. म्हणजे ज्याला कोणी काही शिकवले नाही, त्यालाच ती टोचते.

तिसरी गोष्ट औषधे व मिश्रणे कालवण्याची. दातांचे माप घेण्यासाठी अल्जिनेट नावाची पूड पाण्यात कालवतात. पाणी कोमट असेल तर ती पाहता पाहता घट्ट होते. आपल्या कोकणात एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी घेऊन कोणी ती कालवली तर भांड्यातून ट्रेमध्ये येण्याआधीच ती आळते. मग पूड खराब आहे असे ठरते आणि नवा डबा मागवला जातो! गार पाणी घ्यावे एवढे साधे उत्तर असते. पण ते साधे केव्हा? ज्याला कारण ठाऊक असते त्यालाच.

आता थोडा इतिहास सांगते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरी डॉ. एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १८८५ साली दवाखान्यात मदतीला एक स्त्री नेमली. त्या काळी तिकडेही भल्या घरची स्त्री एकटी पुरुष डॉक्टरकडे जात नसे, नवरा किंवा मोलकरीण बरोबर लागे. दवाखान्यात बाई हजर आहे म्हटल्यावर स्त्रिया निःसंकोच येऊ लागल्या, आणि पुढे इतर दंतवैद्यही तशा पाट्या खिडकीत लावू लागले. याच केल्स यांनी दातांसाठी क्ष-किरणांचा वापर अगदी आरंभीच्या काळात सुरू केला. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी ते आपलाच हात किरणांसमोर धरीत. आधी बोटे गेली, मग हात गेला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८ साली त्यांचा अंत झाला. क्ष-किरण फिल्म रोग्याच्या तोंडात सहाय्यकाने आपल्या बोटाने कधीही धरून ठेवू नये, असे आज शिकवले जाते त्यामागे अशा माणसांचे हात आहेत. आपल्या लेकीला कोणी 'जरा धर गं' म्हणाले तर 'नाही' म्हणण्याइतके ज्ञान तिच्यापाशी हवे.

केल्स यांच्या पाटीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. पालक मला विचारतात, परक्या पुरुषाच्या दवाखान्यात मुलीला कसे पाठवावे? प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पालकांनी स्वतः जाऊन दवाखाना पाहावा. दुसरी स्त्री कामाला आहे का, रात्री किती वाजता बंद होतो, घरी परतण्याची सोय काय, हे स्पष्ट विचारावे. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. आपल्याच मोहल्ल्यातील किती आया-बहिणी दाढ ठणकत असतानाही लवंग दाबून वर्षानुवर्षे बसतात! दवाखान्यात त्यांच्या भाषेत बोलणारी मुलगी असली तर त्या येतात. मशेरी लावता का, असे डॉक्टरने विचारले की उत्तर 'नाही' येते. तीच बाई सहाय्यक मुलीला हळूच खरे सांगते. सुपारी-तंबाखूने गालाची त्वचा आखडत जाते आणि तोंड उघडेनासे होते. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात का, एवढ्या साध्या परीक्षेने जागी झालेली मुलगी डॉक्टरला वेळेवर सावध करू शकते. मिसवाकची सुन्नत आपण अभिमानाने सांगतो. त्याच घरात मशेरीची डबी असावी याला काय म्हणावे?

पोशाखाविषयीही विचारणा होते. केस झाकलेले असणे दवाखान्यात चांगलेच, मात्र ओढणीची टोके कामाच्या जागी लोंबता कामा नयेत. हात कोपरापर्यंत धुता आले पाहिजेत. त्यावर पूर्ण बाह्यांचा गाऊन घालता येतो. बांगड्या, अंगठ्या आणि वाढवलेली नखे चालणार नाहीत. मेंदीला हरकत नाही.

रमजानमध्ये तर अशा मुलीचा उपयोग दुप्पट. उपचाराने रोजा तुटतो की नाही हा प्रश्न उलेमांचा. पण इफ्तारनंतरची वेळ रोग्याला आपणहून सुचवणे सहाय्यकाला जमते. मधुमेहाचा रोगी रोजा ठेवून दुपारी खुर्चीत बसला आणि त्याला घाम फुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर ती भीती नसून साखर उतरल्याची खूण असू शकते. ते ओळखून तात्काळ डॉक्टरला सांगणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

आपल्या देशातील दंतवैद्यकीय शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला ते डॉ. रफिउद्दीन अहमद होते, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? पूर्व बंगालमध्ये १८९० साली त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन ते परतले आणि १९२० साली कलकत्त्यात त्यांनी देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. पैसा नव्हता, म्हणून 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान चालवून त्याच्या उत्पन्नावर ते उभे केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, भारतात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या महाविद्यालयापूर्वी आपल्याकडे दात काढण्याची विद्या बहुतेक कोणाच्या तरी हाताखाली राहूनच उचलली जात असे. माझ्या मते सहाय्यकाचे काम आपल्याकडे आजही नेमके त्याच अवस्थेत आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, दंत-आरोग्यक म्हणजे डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारे डेंटल मेकॅनिक, अशा तिघांची नोंदणी घातली; सहाय्यकाचे नाव त्यात नव्हते. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा केला. पण कायद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रशिक्षण आधी सुरू झालेले बरे. पुण्याच्या आझम कॅम्पसवरील रंगूनवाला दंत महाविद्यालय मुस्लिम शिक्षणसंस्थेचेच आहे. आपल्या संस्थेने एखाद्या दंत महाविद्यालयाशी करार करून वर्षभराचा अभ्यासक्रम चालवावा, निम्मा वर्गात आणि निम्मा प्रत्यक्ष खुर्चीजवळ, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस देण्याची माझी तयारी आहे.

ज्यांनी बारावी विज्ञान केले आहे त्यांनी हायजिनिस्ट किंवा मेकॅनिक यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रमही पाहावेत. तिथे नोंदणी मिळते. बाकीच्यांनी बाजारातील जाहिरातींपासून जपावे. 'तीन महिन्यांत दंततज्ज्ञ' असे फलक मी पाहिले आहेत. फी भरण्याआधी पालकांनी विचारावे की प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होणार, ऑटोक्लेव्ह प्रत्यक्ष हाताळायला मिळणार का, प्रमाणपत्र कोण देणार. आखाती देशांत जाण्याचे मनात असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण तिथे कागदपत्रांची मूळ संस्थेकडे पडताळणी होते आणि कच्चा कागद लगेच उघडा पडतो.

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगते. सहाय्यकाने इंजेक्शन द्यायचे नाही, दात काढायचा नाही, ड्रिल चालवायचे नाही. चार वर्षे डॉक्टरजवळ काढून गावी जाऊन 'दातांचा दवाखाना' उघडणारे महाभाग आहेत; तो गुन्हा आहे आणि त्यात हकनाक रोग्याचा जबडा जातो.

पगाराविषयी मी मोठी स्वप्ने दाखवणार नाही. आरंभी तो बेताचाच असतो आणि न शिकलेल्याला त्याहून कमी मिळतो. शिकलेल्या मुलीला मात्र दवाखाना सोडायला तयार नसतो, आणि पगार बोलण्याची ताकद त्यातूनच येते.

आता एकच तातडीची गोष्ट सांगते. हिपॅटायटिस बी ही कावीळ रक्तातून पसरते आणि या कामात तिचा धोका खरा आहे. तिच्या लसीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी घेतली असेल तर लसीकरणाचे कार्ड शोधून आणावे. घेतली नसेल तर ज्या मुलामुलींचा या कामाचा विचार आहे त्यांनी निकालाची वाट न पाहता पहिला डोस याच सुट्टीत घ्यावा, म्हणजे खुर्चीजवळ उभे राहण्याची वेळ येईपर्यंत तिन्ही पूर्ण झालेले असतील.