वर्गाची सरासरी आणि मुलाचे गुण



घटक चाचणीचा निकाल लागला की प्रगतिपुस्तक घरी जाते. त्यात मुलाचे गुण असतात आणि पुष्कळदा शेजारी वर्गाची सरासरीही असते. गुण सरासरीहून दोनांनी कमी दिसले की घरात चर्चा सुरू होते. मुलगी असेल तर ती चर्चा कधी कधी शाळा सोडविण्यापर्यंत जाते. ज्या आकड्यावर एवढा मोठा निर्णय उभा राहतो, तो आकडा सांगतो काय आणि झाकतो काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

समजा, सातवीच्या दोन तुकड्यांत प्रत्येकी १० मुले आहेत आणि गणिताची चाचणी ५० गुणांची आहे. पहिल्या तुकडीचे गुण २७, २८, २९, २९, ३०, ३०, ३१, ३१, ३२ व ३३. दुसरीचे १०, ११, १२, १३, १४, ४६, ४७, ४८, ४९ व ५०. बेरीज दोन्हीकडे ३००, सरासरी दोन्हीकडे ३०. कार्यालयातील तक्त्यात दोन्ही तुकड्या सारख्याच दिसतील. प्रत्यक्षात दुसऱ्या तुकडीत ३० च्या आसपास गुण मिळविणारे एकही मूल नाही. तेथे निम्म्यांचा पाया पक्का करावयाचा आहे आणि निम्म्यांना पुढचे काही हवे आहे. सरासरीसोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण लिहिले, तरी हा भेद उघड होतो; त्याला खर्च काहीच येत नाही.

पहिल्या तुकडीत आणखी दोन मुले असती, ती तापामुळे गैरहजर राहिली असती आणि त्यांच्यापुढे शून्य मांडले असते, तर सरासरी ३० ऐवजी २५ आली असती. यात कोणाचेही ज्ञान कमी झालेले नाही. उलट, दुसऱ्या तुकडीतील सर्वांत मागची दोन मुले शाळा सोडून गेली, तर तिची सरासरी जवळजवळ ३५ होते. ही वाढ प्रगती म्हणून अहवालात जाऊ नये.

विषयांची तुलनाही जपून करावी लागते. एखाद्या मुलीला मराठीत ३३ आणि गणितात २६ गुण मिळाले, की तिला गणित जमत नाही असा शिक्का बसतो. परंतु वर्गाची सरासरी मराठीत ३८ आणि गणितात १९ असेल, तर आपल्या वर्गात ती गणितातच पुढे आहे. प्रश्नपत्रिका अवघड होती, एवढाच त्या २६ चा अर्थ असू शकेल. एकदोन गुणांच्या फरकाला तर फारसे महत्त्व देऊच नये; तेच मूल आठवड्याने पुन्हा बसविले तर तेवढा फरक सहज पडतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. येथील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात. त्यानंतर गणिताचे गुण घसरले, तर उत्तरपत्रिका उघडून पाहावी. आकडेमोडीची उदाहरणे बरोबर आणि शाब्दिक उदाहरणे कोरी असतील, तर अडचण भाषेची आहे, गणिताची नव्हे. तशा मुलाला वजाबाकी पुन्हा पुन्हा घोटावयास लावणे म्हणजे डोके दुखत असताना पायाला लेप लावणे होय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाचवी व आठवीच्या वर्षअखेरीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. ते दोन महिने कशावर खर्च करावयाचे, हे सरासरीवरून ठरत नाही. त्यासाठी शिक्षक आणि पालक यांनी उत्तरपत्रिका समोर ठेवून एकत्र बसावे, आणि मुलालाही जवळ बसवून घ्यावे.