बँकांनीं काढलेली पाठशाळा

पुण्याच्या वायव्येस, हिंजवडी आणि मारुंजी ओलांडून कासारसाईच्या धरणाकडे जाऊं लागलें म्हणजे मुळशी तालुक्यांतील नेरे हें गांव लागतें. भाताचें खाचर ही या भागाची पिढ्यानुपिढ्यांची ठेव. गेल्या पंचवीस वर्षांत हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या, रस्ते आले, जमिनीस भाव आला. आणि ज्या घरांत पूर्वीं दिवाळीच्या पुढेंमागें वर्षांतून एकदां भाताचे पैसे येत, तशा या प्रदेशांतील कित्येक घरांत आयुष्यांतून एकदांच, पण एकदम, मोठी रक्कम आली. बांध कसा घालावा, चिखलणी केव्हां करावी, हें मावळच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. रक्कम कशी राखावी हें मात्र त्याला कोणी शिकविलेलें नसतें. आणि ज्याच्या मेजापुढें तो ती घेऊन बसतो, त्या बँकेच्या अधिकाऱ्याला तरी तें कोणी शिकविलें आहे काय? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं.

मुळशी तालुक्याला तर तो शंभर वर्षांपूर्वींच भेटला होता. टाटांच्या विजेच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं जो सत्याग्रह झाला, आणि ज्यांतून पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ हें नांव मिळालें, त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेची एक बाजू कमी सांगितली जाते. मावळ्यांच्या पुष्कळ जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटींत गहाण पडले होते; सबब जमीन जावयाची एकाची आणि तिच्या मोबदल्याचा हिशेब व्हावयाचा दुसऱ्याच्या वहींत, असा तो मामला होता. पैशाची विद्या ज्याच्याकडे, पैसा त्याच्याकडे, हा नियम तेव्हां सावकारीच्या रूपानें चालत असे.

ही विद्या शाळेंत शिकवितां येते, ही कल्पना आपल्याकडे रूढ व्हावयास वेळ लागला. अमेरिकेंत जोसेफ व्हॉर्टन या लोखंडाच्या कारखानदारानें १८८१ सालीं स्वतःच्या पैशानें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अर्थव्यवहाराची शाळा काढविली. मुंबईंत सिडनहॅम कॉलेज १९१३ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें, आणि तेथल्या व्यापारी मंडळींच्या देणग्यांचाही त्यास हातभार लागला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत लाहोरची पीपल्स बँक बंद पडली होती आणि वर्ष संपण्यापूर्वीं मुंबईची इंडियन स्पीशी बँक बुडाली. स्पीशी बँकेचा पैसा चांदीच्या सट्ट्यांत गुंतला होता. स्वदेशीच्या लाटेवर निघालेल्या कितीतरी लहानमोठ्या पेढ्या त्यानंतरच्या चारपांच वर्षांत गेल्या. त्यांचे चालक सारेच लबाड होते असें मुळींच नाहीं. ठेव आज मागितली तर आज द्यावी लागते आणि दिलेलें कर्ज मात्र आज मागून आज परत येत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्यांपैकीं अनेकांनीं ओळखली नव्हती. याच सिडनहॅम कॉलेजांत १९१८ ते १९२० या काळांत डॉ. भीमराव आंबेडकर हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ पुढें १९२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला.

पुण्यानें वाट उलटी धरली. येथें धंद्यानें शाळा काढण्याआधीं शाळामास्तरानेंच धंदा काढला. फर्ग्युसन कॉलेजांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे यांनीं डी. के. साठे यांच्या सहकार्यानें १९३५ च्या सप्टेंबरांत बँक ऑफ महाराष्ट्र नोंदविली, आणि १९३६ च्या फेब्रुवारींत तिचा व्यवहार सुरू झाला. वर्गांत फळ्यावर लिहिलेलें खातेवहींत उतरवून दाखविणारा प्राध्यापक विरळा. काळे तसे होते. परंतु एका प्राध्यापकाच्या अंगच्या गुणांवर एक बँक उभी राहील, सबंध देशाचा बँकव्यवहार उभा राहणार नाहीं. १९६० सालीं केरळांत पलई सेंट्रल बँक आणि इकडे वऱ्हाडांत अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हां हें पुनः दिसून आलें. त्यांतून ठेवींच्या विम्याची योजना निघाली आणि १ जानेवारी १९६२ पासून अमलांत आली. पहिली मर्यादा होती दर ठेवीदारास पंधराशें रुपये. विमा हा जखमेवरचा लेप होय. जखम होऊं नये म्हणून काय करावें, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

तें उत्तर शोधण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणजे १९६९ सालीं रिझर्व्ह बँकेनें केंद्र सरकारशीं विचारविनिमय करून स्थापलेली राष्ट्रीय बँक प्रबंध संस्था. प्रारंभीं मुंबईंत असलेली ही संस्था पुढें पुण्यास आली आणि आज कोंढव्यास आहे. तिची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. ती सरकारचें खातें नव्हे, विद्यापीठाचा विभागही नव्हे. ती स्वायत्त आहे; बँका तिच्या सभासद आहेत, आणि तिच्या नियामक मंडळाचें अध्यक्षपद रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांकडे असतें. नोकरींत असलेल्या अधिकाऱ्यांचे वर्ग, बँक व अर्थव्यवहार या विषयांचा पदव्युत्तर पदविकाक्रम, संशोधन, आणि ‘प्रज्ञान’ नांवाचें नियतकालिक, असा तिचा व्याप आहे. ज्या धंद्याला शिकलेलीं माणसें हवींत, त्यानेंच शाळेचा भार उचलावा, हें व्हॉर्टनचें तत्त्व येथें एका धनिकाच्या देणगीऐवजीं सबंध धंद्याच्या वर्गणीवर आलें.

वर्षही मोठें नामी होतें. १९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. काळ्यांची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. त्या वेळीं देशांत व्यापारी बँकांच्या शाखा सुमारें ८,२६० होत्या. १९९० च्या सुमारास त्या साठ हजारांच्या घरांत गेल्या. इमारत भाड्यानें मिळते, तिजोरी विकत मिळते, पण शाखाधिकारी बाजारांत मिळत नाहीं. एकवीस वर्षांत पन्नास हजार शाखा उघडावयाच्या म्हणजे कालपर्यंत शहरांत हुंड्या पाहणाऱ्या माणसाला उद्यां म्हशीचें, विहिरीचें, इंजिनाचें कर्ज पाहावयास बसवावयाचें. पुण्यासच १९६९ सालीं रिझर्व्ह बँकेनें कृषि बँकिंग महाविद्यालय काढलें, तें याच गरजेपोटीं. सहकाराच्या शिक्षणासाठीं वैकुंठभाई मेहता यांच्या नांवाची संस्था येथें १९६७ पासून होतीच. पुणें हें विद्येचें माहेरघर म्हणवितें तें मुख्यतः संस्कृतासाठीं आणि कायद्यासाठीं. पैशाच्या विद्येचेंही तें माहेर झालें, याची पुणेकरांना फारशी वार्ता नाहीं.

या शाळांत शिकवितात तरी काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, तेथें पैसा वाढविण्याच्या युक्त्या सांगत असतील. वस्तुतः तेथील अर्धा अभ्यास भीतीचा असतो. बँक एका वर्षाच्या मुदतीनें ठेव घेते आणि वीस वर्षांच्या मुदतीनें घरासाठीं कर्ज देते; मधलीं एकोणीस वर्षें ती ठेवीदारांच्या विश्वासावर तरंगत असते. मध्यंतरीं व्याजाचे दर चढले तर ठेवीवर जास्त द्यावें लागतें आणि जुन्या ठराविक दराच्या कर्जावर पूर्वीचेंच मिळतें. भारतांत व्यापारी बँकेनें जोखमीच्या हिशेबानें शंभर रुपयांच्या कर्जामागें निदान नऊ रुपये स्वतःचें भांडवल ठेवावें असा नियम आहे. याचा अर्थ असा कीं, शंभरांतले नऊ बुडेपर्यंत नुकसान मालकाचें. दहाव्या रुपयापासून तें ठेवीदाराच्या दारांत येऊन उभें राहतें. हें अंतर किती थोडें आहे, तें ज्याला मनापासून उमजलें, तो अधिकारी कर्जाच्या कागदावर सही करतांना क्षणभर थांबतो.

दुसरा विषय कर्जदाराची पारख. तारण पाहून कर्ज देणें ही सावकाराची रीत. उत्पन्नाचा ओघ पाहून कर्ज देणें ही बँकेची रीत असली पाहिजे. भातकऱ्याला दर महिन्याचा हप्ता लावून दिला तर तो लबाड नसतांनाही थकबाकीदार ठरेल, कारण त्याचा पैसा सुगीला येतो. म्हणून सामान्य कर्ज नव्वद दिवस थकलें म्हणजे बुडीताच्या वाटेवर धरतात, परंतु अल्पमुदतीच्या पिकावरील कर्जास दोन हंगामांची मुभा आहे. हा नियम नुसता पाठ करणारा कारकून होतो; तो कां केला हें ज्याला कळलें, तो बँकर होतो.

येथवर धंदा आणि शाळा यांचा संबंध सोईचाच दिसतो, आणि बव्हंशीं तो आहेही. बुडालेल्या कर्जाची खरी हकीकत बँक परक्याला सांगत नाहीं. सभासद या नात्यानें शाळेला ती कळण्याचा संभव अधिक. शिवाय ज्यानें स्वतः कधीं वसुलीस उन्हांत पायपीट केली नाहीं, त्याच्या तोंडून वसुलीचा पाठ ऐकण्यांत गोडी नसते. परंतु ज्याचें मीठ खावें त्याच्याविरुद्ध बोलणें शाळेलाही जड जातें. बँकांच्या वर्गणीवर चालणारी संस्था बँकांना काय हवें तें आधीं शिकविणार: मोठ्या उद्योगांचीं कर्जें, परकीय चलन, रोखेबाजार, जोखमीचें गणित. ठेवीदार हा तिचा सभासद नाहीं. कर्जदार तर नाहींच नाहीं. हा दोष कोणा एका संस्थेचा नव्हे, घडणींतलाच आहे. तो रिझर्व्ह बँकेच्या अध्यक्षपणामुळें कमी होतो, पण नाहींसा होत नाहीं. पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाचें चित्तही साहजिकच मुंबईच्या उंच इमारतींतील रोख्यांच्या मेजाकडे ओढ घेतें, मुळशींतल्या शाखेकडे नव्हे, आणि त्याला दोष तरी कोणत्या तोंडानें द्यावा?

त्याहून मोठी उणीव निराळीच आहे. सर्वसामान्य मराठी माणसाचा पैसा पिढ्यानुपिढ्या ज्या नागरी सहकारी बँकांत राहिला, त्यांच्यापर्यंत ही विद्या पुरेशी पोंचली नाहीं. पुण्याची रुपी बँक १९१२ सालीं स्थापन झालेली. १९१३ ची पडझड तिनें पाहिली आणि ती तरली; दोन महायुद्धें तिनें पाहिलीं. २०१३ च्या फेब्रुवारींत रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले, आणि २२ सप्टेंबर २०२२ पासून तिचा व्यवसाय कायमचा बंद झाला. मधल्या साडेनऊ वर्षांत पेन्शनीवर बसलेल्या माणसांना स्वतःचेच पैसे मागण्यासाठीं अर्ज करावे लागले. ठेवींच्या विम्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारींत एक लाखावरून पांच लाखांवर आली होती, म्हणून अनेकांचें निभावलें. पांच लाखांच्या वरची पुंजी ज्यांनीं एका विश्वासावर तेथेंच ठेविली होती, त्यांचें तेवढ्यानें निभावलें नाहीं. ज्या शहरांत बँकव्यवहाराची राष्ट्रीय पाठशाळा नांदते आहे, त्याच शहरांत हें घडलें, ही गोष्ट पाठशाळेच्या नांवानें नसली तरी शहराच्या नांवानें विचार करण्यासारखी खास आहे.

नेऱ्याच्या लोकांना तर असली एक शाळा घरापासून फार दूर नाहीं. मुळा नदीच्या पलीकडे बालेवाडीच्या परिसरांत राष्ट्रीय विमा अकादमी आहे. १९८० सालीं केंद्राचें अर्थखातें, आयुर्विमा महामंडळ, साधारण विमा महामंडळ आणि त्याच्या चार कंपन्या यांनीं मिळून ती काढली. मुंबईहून ती इकडे आली. १९५६ सालीं २४५ विमासंस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालें होतें, आणि १९७३ पासून साधारण विम्याच्या १०७ संस्था चार कंपन्यांत सामावल्या. इतक्या रीतिभातींच्या नोकरवर्गाला एका वळणावर आणण्यास शाळेवांचून गत्यंतर नव्हतें. आतां तेथेंही पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. जमिनीच्या पैशांतून शेतकऱ्याला विम्याची कोणती पॉलिसी विकावी, याचें शिक्षण विक्रेत्यास अन्यत्र भरपूर मिळतें; कोणती विकूं नये, तें शिकविण्याची जागा ती हीच.

सहकारी बँकांच्या बाबतींत एक पाऊल अलीकडे पडलें आहे. २०१९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेनें असें फर्माविलें कीं, शंभर कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांनीं निवडून आलेल्या संचालकांशिवाय एक व्यवस्थापन मंडळही नेमावें, आणि त्यांत हिशेब, शेती, बँकव्यवहार, कायदा अशा विषयांचे जाणते असावेत. मंडळांत निदान पांच जण हवेत. पुढील वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन या बँकांवरील रिझर्व्ह बँकेचा अधिकारही वाढला. जिल्ह्याजिल्ह्यांतून असे पांच पांच जाणते मिळावयाचे, तर कोंढव्याच्या आणि गणेशखिंडीच्या वर्गांतून मराठी बोलणारे, तालुका ओळखणारे, आणि अध्यक्षांच्या नातलगाचा कर्जाचा अर्ज परत पाठविण्याइतके निर्भय असे किती जण बाहेर पडतात, हें आतां पाहावयाचें आहे.